निवाऱ्यातले दिवस : वृद्धाश्रमांतील करमणुकीचा इतिहास

अन्न, वस्त्र आणि निवारा या तीन गोष्टी मिळाल्या म्हणजे माणसाची सोय झाली, असे आपण सहज बोलून जातो. वृद्धाश्रम पाहायला गेलेले नातेवाईकही बहुधा याच अंगाने चौकशी करतात. जेवण कसे असते? अंघोळीला गरम पाणी मिळते ना? डॉक्टर आठवड्यातून किती वेळा येतात? हे प्रश्न योग्यच आहेत. पण दुपारची जेवणे उरकल्यापासून दिवेलागणीपर्यंत तिथली माणसे करतात काय, हे क्वचितच कोणी विचारतो. दोन वाजल्यापासून सहापर्यंत धरले तरी रोजचे चार तास झाले. म्हणजे वर्षाचे एक हजार चारशे साठ. एवढा वेळ भिंतीकडे पाहत काढायचा म्हणजे काय, याची कल्पना तुम्हीच करा.

खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसाला हा प्रश्न पूर्वी सहसा पडत नसे. अंगणात वाळत घातलेल्या ज्वारीवरची पाखरे हाकणे, पाळण्याला झोका देणे, दावणीच्या वासरावर नजर ठेवणे, देवाच्या वाती वळणे, शेंगा फोडणे, सोयरीक जमवताना दोन शब्द सांगणे, ही सगळी त्यांचीच खाती. त्याबद्दल कोणी मजुरी देत नसे, आणि त्याला काम असे कोणी म्हणतही नसे. संध्याकाळी पारावर बसावे, देवळात हरिपाठाला टाळ धरावा, एखाद्या दिवशी आजोबा दिसले नाहीत तर चार माणसांनी विचारावे, "का हो, आज बरे नाही वाटते?" त्या जुन्या व्यवस्थेत सगळेच गोड होते असे मुळीच नाही. विधवा आजीच्या वाट्याला कष्ट आणि बोलणी दोन्ही यायची. तरी पण आपल्यावाचून घरातले काही तरी अडते, एवढे समाधान तिच्यापाशी होते. वृद्धाश्रमात येताना माणूस आपले अंथरूण-पांघरूण बरोबर आणतो, कपड्यांची पेटी आणतो. पण ही बारीकसारीक कामे मागेच राहतात.

तेव्हा ज्यांना आपण आश्रय दिला, त्यांचा दिवस कसा भरावा? हा प्रश्न आजचा वाटला तरी त्याला साडेतीनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो आपल्याला उपयोगी पडण्यासारखा आहे.

प्रथम फ्रान्सकडे वळू. चौदाव्या लुईच्या कारकिर्दीत लढाया पुष्कळ झाल्या. हात-पाय गमावलेले आणि वयाने थकलेले सैनिक पॅरिसच्या रस्त्यांवर भीक मागू लागले. राजाने १६७० साली त्यांच्यासाठी एक मोठे आश्रयस्थान बांधण्याचा हुकूम काढला आणि १६७४ पासून तेथे सैनिक राहायला आले. हेच ते प्रसिद्ध 'आंव्हालीद'. आज लोक तेथे नेपोलियनची समाधी पाहायला जातात. आपल्या दृष्टीने तिथली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे कारखाने. ज्याचा हात चालतो त्याने जोडे शिवावेत, मोजे विणावेत, गालिच्यासारखी भिंतीवरची विणकामे करावीत. ज्याचे अक्षर चांगले त्याने ग्रंथांची सुबक नक्कल करून त्यांना रंगीत वेलबुट्टी काढावी, अशी तेथे व्यवस्था होती. शिस्त कडक, लष्करी थाटाची. पण तलवार टाकलेल्या हातात सुई आणि कुंचला आला, हे काही लहान काम नव्हे.

हे पाहून इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने १६८२ साली लंडनजवळ चेल्सी येथे असेच सैनिकगृह स्थापन केले. १६९२ मध्ये ते सैनिकांसाठी उघडले आणि आजही ते चालू आहे. २००९ पासून तेथे स्त्री-सैनिकांनाही प्रवेश मिळू लागला. या संस्थेचा एक वार्षिक सोहळा सांगण्यासारखा आहे. १६५१ सालच्या लढाईत हरल्यावर हा चार्ल्स एका ओक वृक्षाच्या फांद्यांत लपून बचावला होता. त्याची आठवण म्हणून त्याच्या वाढदिवसाच्या सुमारास, मे महिन्याच्या अखेरीस किंवा जूनच्या आरंभी, राजाचा पुतळा ओकच्या डहाळ्यांनी झाकतात. वृद्ध सैनिक लाल डगले आणि तिकोनी टोप्या घालून, छातीवर ओकची पाने लावून संचलन करतात, आणि राजघराण्यातील कोणी तरी येऊन त्यांची मानवंदना स्वीकारतो. आता यात पाहा, पाहुणा कितीही मोठा असला तरी सोहळा कोणाचा? त्या म्हाताऱ्या सैनिकांचा! त्यांच्यावाचून तो होऊच शकत नाही.

सैनिकांची कथा ही अशी. साध्या गरिबाचे काय झाले? इंग्लंडात १८३४ साली गरिबांविषयीचा नवा कायदा झाला आणि त्याने 'वर्कहाउस' नावाच्या संस्थेला कठोर रूप दिले. आपण त्याला कामघर म्हणू. मूळ तत्त्व असे की, सरकारी मदत घेणाऱ्याची स्थिती बाहेरच्या अगदी गरीब मजुरापेक्षाही वाईट ठेवावी, म्हणजे आळशी माणसे मदत मागायला येणार नाहीत. आळशांसाठी लावलेला हा चाप बसला मात्र म्हाताऱ्यांना. तरुण धडधाकट मजूर कसेही करून बाहेर राहत. आत अडकून पडत ते थकलेले, आजारी आणि निराधार. आत गेले की अंगावरचे कपडे काढून संस्थेचे चढवायचे. पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे. चाळीस वर्षे संसार केलेले नवरा-बायकोसुद्धा वेगळे! साठीपुढच्या जोडप्याने मागणी केल्यास एकत्र खोली द्यावी, असा कायदा १८४७ साली झाला. पण तो कागदावर जेवढा दिसला तेवढा व्यवहारात उतरला नाही.

करमणुकीबद्दल तर विचारूच नका. त्याच १८४७ सालच्या नियमावलीत पत्ते किंवा जुगारासारखे खेळ खेळणे हे बेशिस्त वर्तन ठरवले होते. वृद्धांना तंबाखू ओढायची मोकळीक मिळायला १८९२ साल उजाडावे लागले, आणि म्हाताऱ्या बायकांना आपला चहा आपण करून घेण्यासाठी कोरडी पत्ती देण्याची परवानगी निघाली ती १८९४ साली. चहाच्या चिमूटभर पत्तीसाठी सरकारी हुकूम! हसू येते; पण त्या हुकमाची किंमत त्या बायकांना ठाऊक होती. दुसऱ्याने ओतून दिलेला चहा आणि आपल्याला हवा तेव्हा, हवा तसा केलेला चहा यांत केवढे अंतर आहे, हे आपल्या घरातल्या कोणत्याही आजीला विचारावे.

वर्षातून एक दिवस मात्र कामघरात गोडधोड असे, तो नाताळचा. भिंती हिरव्या पानांनी सजवीत, मांस आणि पुडिंग वाढीत. गावचे प्रतिष्ठित लोक आणि त्यांच्या बायका, गरीब लोक कसे जेवतात ते पाहायला येत. या दृश्यावर जॉर्ज सिम्स नावाच्या पत्रकाराने १८७७ साली एक कविता लिहिली आणि ती इंग्लंडभर गाजली. जेवणाच्या पंगतीतून एक म्हातारा उठून उभा राहतो आणि पाहुण्यांना सांगतो की, गेल्या वर्षी माझी बायको उपाशी मरत असताना मी याच दाराशी भाकरी मागायला आलो होतो. तुम्ही म्हणालात, आत राहायला या. आत आलो तर आमची ताटातूट होणार, म्हणून ती आली नाही, आणि तिने प्राण सोडला. पुष्कळांना ती कविता फार भडक वाटली. तरी तिच्यातला टोला नेमका होता. वर्षभर ज्याला कोणी विचारले नाही, त्याला एक दिवस जेवू घालून त्याच्या तोंडाकडे कौतुकाने पाहत बसायचे, याला काय म्हणावे?

पण सगळेच लोक पाहायला येणारे नव्हते. १८८२ साली लेडी ब्रेबझन नावाच्या बाईंनी लंडनच्या केन्सिंग्टन भागातील कामघरात एक साधा प्रयोग सुरू केला. जी माणसे अंथरुणाला खिळलेली किंवा अपंग असल्यामुळे कामघराच्या नेहमीच्या कामाला निरुपयोगी ठरली होती, त्यांना विणकाम, भरतकाम, लेस करणे, लाकडावरचे कोरीवकाम अशा गोष्टी शिकवायच्या. शिकवायला गावातल्या बायका आपण होऊन येत. आरंभीच्या कच्च्या मालाचा खर्च बाईंनी सोसला. पुढे तयार वस्तू विकून त्या पैशातून नवा माल आणायचा. कामघरांच्या चालकांना प्रथम ही नसती उठाठेव वाटली. पण ज्या कोठडीत दिवसभर कण्हण्याशिवाय आवाज नव्हता, तेथे सुयांचा आणि गप्पांचा आवाज ऐकू येऊ लागला, तेव्हा विरोध मावळला आणि ही योजना एकामागून एक अनेक कामघरांत पसरली. यातली खुबी ध्यानात घ्या. त्या बायका दर आठवड्याला येत, वर्षातून एकदा नव्हे. दुसरे असे की, विणलेला रुमाल कोणी तरी विकत घेत असे. तो दयेने घेतला असेल, मान्य आहे. पण ज्या बाईला जगाने मोडीत काढले होते, तिच्या हातची वस्तू बाजारात गेली, हे तिला माहीत होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडने जुना गरीब-कायदाच मोडीत काढला. १९४८ च्या कायद्याप्रमाणे वृद्धांसाठी लहान, घरगुती निवास बांधायचे ठरले. मंत्री अन्यूरिन बेव्हन यांचे स्वप्न असे की, चालक आणि रहिवासी यांचे नाते आता हॉटेलचा व्यवस्थापक आणि त्याचा पाहुणा यांच्यासारखे व्हावे. स्वप्न चांगले होते. पैसा अपुरा पडला. दहा वर्षांनी, १९५८-५९ साली, पीटर टाउनसेंड हा समाजशास्त्रज्ञ इंग्लंड आणि वेल्समधील १७३ निवासांत स्वतः जाऊन आला, आणि १९६२ साली त्याने त्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याला काय दिसले? हजारो वृद्ध अजून जुन्या कामघरांच्याच इमारतींत होते. फक्त पाटी बदलली होती. नव्या, स्वच्छ इमारतींतही बैठकीच्या खोलीत भिंतीला लावून खुर्च्यांची रांग, आणि त्या रांगेत गप्प बसलेली माणसे. शेजारी शेजारी बसून महिनोन् महिने एकमेकांशी न बोलणारी! घर सुटले, काम सुटले, सोबती सुटले, आणि स्वतःचे असे काही ठरवण्याची सवयही सुटली, असा त्याच्या पाहणीचा सारांश आहे. म्हणजे नुसत्या चांगल्या इमारतीने आणि पोटभर जेवणाने प्रश्न सुटत नाही, हे युरोपातल्या एका सधन देशाने अनुभवून पाहिले.

ठरवण्याची सवय, या शब्दांवर क्षणभर थांबू. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातील एका वृद्धनिवासात एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञ स्त्रियांनी एक प्रयोग केला. तो १९७६ आणि १९७७ साली प्रसिद्ध झाला. एका मजल्यावरच्या रहिवाशांना सांगितले की, तुमची खोली कशी लावायची, वेळ कसा घालवायचा, हे तुम्ही ठरवायचे. त्यांना एक एक रोपटे निवडायला दिले आणि त्याला पाणी घालण्याचे काम त्यांच्यावरच सोपवले. आठवड्यातून एकदा सिनेमा दाखवीत, तो दोन दिवसांपैकी कोणत्या दिवशी पाहायचा, हेही त्यांनीच ठरवायचे. दुसऱ्या मजल्यावरच्या लोकांनाही रोपटे दिले, सिनेमाही दाखवला. पण रोपट्याला पाणी परिचारिका घालणार आणि सिनेमाचा दिवस संस्था ठरवणार. तीन आठवड्यांत फरक दिसू लागला. पहिल्या मजल्यावरची माणसे जास्त हिंडूफिरू लागली, बोलू लागली, प्रसन्न दिसू लागली. दीड वर्षाने पाहिले तेव्हा पहिल्या गटातील शंभरी सुमारे १५ आणि दुसऱ्यातील सुमारे ३० माणसे दगावली होती. प्रयोगातील माणसे शंभराच्या आतच होती, तेव्हा मृत्यूच्या आकड्यांवर फार भार टाकू नये, हे खरे. पण दोन्ही मजल्यांवर तेच रोपटे आणि तोच सिनेमा होता, हे विसरू नका. फरक होता तो पाणी कोणी घालायचे एवढ्याचाच.

याच वाटेने पुढे १९९१ साली न्यूयॉर्क राज्यातील एका लहान गावच्या शुश्रूषागृहात डॉक्टर बिल थॉमस यांनी दोन कुत्रे, चार मांजरे आणि शंभर पक्षी आणले. कंटाळा, एकटेपणा आणि असहायता हे तिथले तीन मोठे आजार आहेत, असे त्यांचे निदान. गंमत अशी झाली की, पक्षी आले आणि पिंजरे अजून जुळवलेलेच नव्हते! पक्षी एका खोलीत सोडून दिले, आणि नोकरवर्गाची जी धांदल उडाली ती काचेतून पाहून म्हातारी माणसे पोट धरून हसली. पुढे ज्यांनी बोलणे सोडले होते, असे काही जण पक्ष्यांशी बोलू लागले, आणि खोलीबाहेर न पडणारे कुत्र्याला फिरवून आणू म्हणाले. ही हकीकत डॉक्टर अतुल गावंडे यांनी आपल्या २०१४ सालच्या इंग्रजी ग्रंथात सांगितली आहे. गावंडे यांचे आजोबा सीताराम हे आपल्या विदर्भातले शेतकरी. जवळजवळ एकशे दहा वर्षे जगलेले हे गृहस्थ फार उतारवयातही रोज रात्री शेताला फेरी मारल्याशिवाय राहत नसत, आणि घरातले लोक त्यांना तसे करू देत, असे नातवाने त्याच ग्रंथात लिहून ठेवले आहे. शेताची फेरी ही त्यांची करमणूक म्हणा, काम म्हणा किंवा औषध म्हणा; तिघांतले काहीही म्हटले तरी चालेल.

आता आपल्या घरचा विचार करू. आपल्याकडे निराश्रितांसाठी संस्था अगदी अलीकडे निघाल्या असे नाही. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून अनाथ आणि पंगू लोकांसाठी आश्रयगृह निघाले, त्याला दीडशे वर्षे होऊन गेली. 'निवारा' या नावाने लोक आज त्याला ओळखतात. कलकत्त्यात १८८२ साली 'लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर' या जोगिणींनी वृद्धांसाठी घर उघडले. महाराष्ट्र शासनाने १९९५ साली मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आखली. आणि २००७ साली संसदेने आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या पालनपोषणाचा कायदा केला. मुलांकडून पोटगी मिळण्याची तरतूद म्हणून तो सर्वांना माहीत आहे. पण त्याच्या एकोणिसाव्या कलमाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. राज्य सरकार दर जिल्ह्यात निदान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असे आश्रम उभारू शकते, असे ते कलम सांगते. आणि अशा आश्रमांसाठी नियम करताना औषधोपचाराच्या बरोबरीने रहिवाशांच्या मनोरंजनाच्या साधनांचाही उल्लेख करते. पत्ते खेळणे हा जिथे अपराध होता त्या १८४७ सालापासून आपण किती दूर आलो, हे या एका शब्दावरून कळते.

परंतु कलमात शब्द आला म्हणजे दुपार भरली असे होत नाही. आपल्याकडचे चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. १ ऑक्टोबर हा जागतिक ज्येष्ठ नागरिक दिन १९९१ पासून साजरा होतो. त्या दिवशी, दिवाळीत, किंवा कोणाच्या वाढदिवसाला पाहुणे येतात. फळे वाटतात, शाल देतात, मुले एक समूहगीत म्हणतात, छायाचित्र निघते आणि गाडी परत जाते. या लोकांचे मन चांगले असते. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण एका दिवशी तीन ठिकाणची केळी येतात आणि पुढचे तीन महिने कोणी फिरकत नाही, अशी तक्रार आश्रमांतून ऐकू येते. नाताळची ती पंगत आठवते ना? आपल्या हातूनही नकळत तसेच होत नाही ना, हे एकदा तपासून पाहावे.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना येथे विशेष विनंती आहे, कारण तुमच्या हातात मुले आहेत. आश्रमात मुलांना नेताना गाण्याच्या तयारीबरोबर एक कोरी वही न्या. आज जे पंचाहत्तरीच्या पुढे आहेत, त्यांनी १९७२ चा दुष्काळ भर तारुण्यात पाहिला आहे. रस्त्याच्या कामावर खडी कोणी फोडली, सुकडी कशी लागायची, गुरांचे काय केले, हे मुलांनी विचारावे. १९६७ साली कोयनेचा भूकंप झाला त्या रात्री कोण कुठे होते, ते विचारावे. मोटेची धाव, थारोळे, नाडा, सोंदूर हे शब्द ज्यांनी प्रत्यक्ष वापरले अशी माणसे आता थोडी उरली आहेत. जात्यावरच्या ओव्या, उखाणे, पायली-शेराचा हिशेब, बी राखून ठेवण्याच्या जुन्या रीती, हे सारे त्या वहीत उतरवून घ्या आणि पुढच्या खेपेस वाचून दाखवा. आजी म्हणतील, "अरे, हे चुकले, असे नव्हे!" आणि त्या दुरुस्त करतील. त्या क्षणी आश्रमातली आजी तुमच्या शाळेची शिक्षिका झाली.

आश्रमाच्या चालकांनाही फार खर्चाचे काही करायला नको. गणपती बसवायचा तर आरास कशी करायची ते रहिवाशांना ठरवू द्यावे. आरतीचे ताट त्यांच्या हातात द्यावे. उद्या भाजी कोणती, हे आठवड्यातून दोन दिवस त्यांच्या मताने ठरावे. परसातला एखादा वाफा ज्याने आयुष्यभर शेती केली त्याच्या नावे करून टाकावा, मग मेथी थोडी कमी आली तरी चालेल. ज्यांची स्मृती गेली आहे किंवा जे उठू शकत नाहीत, त्यांनाही कोथिंबीर निवडणे, कपड्याची घडी घालणे, ओळखीच्या भजनाला टाळी धरणे, एवढे पुष्कळदा जमते. ते करू द्यावे. आणि एखाद्याला वाटले की आज आपल्याला कार्यक्रमाला यायचे नाही, खिडकीशी गप्प बसायचे आहे, तर त्याला तसे बसू द्यावे. सक्तीने टाळ्या वाजवायला लावणे ही करमणूक नव्हे. नाही म्हणण्याचा अधिकार घरात होता, तो आश्रमातही असला पाहिजे.

तुमच्या गावाजवळ, तालुक्याच्या ठिकाणी, असा एखादा आश्रम बहुधा असेल. तेथे जाल तेव्हा दुपारी तीन वाजता जा. खरा दिवस त्या वेळी दिसतो. हातात फळे न्या किंवा नेऊ नका. पण निघताना पुढच्या खेपेची तारीख सांगून या, आणि त्या तारखेला नक्की जा. कारण तुम्ही विसरलात तरी, तुमची वाट पाहणारा तिथला माणूस ती तारीख विसरलेला नसेल.